पेनिसिलीनची शाळा

येळंबवाडीत गोष्ट पोटात ठेवायची ताकद एकाच बाईत होती, सिताबाईत. बाकीच्यांच्या पोटात सकाळी गोष्ट शिरली तर दुपारपर्यंत ती लोहाऱ्याच्या बाजारात पोचलेली असायची, आणि तीही जाताना होती त्यापेक्षा चांगली गुबगुबीत होऊन. सिताबाई मेंढरं राखणाऱ्या घरातली. जिनं उभा जन्म मेंढरांशी बोलण्यात काढला, तिला बोलणं बाहेर फोडायची घाई नसते. एक गोष्ट तर तिनं तीस वर्षं जिरवली होती. पण गेल्या मंगळवारपासून तीच गोष्ट अशी उसळली की भाकरीचा तुकडा घशाखाली उतरेना.

"आई, पोट फुगलंय का?" मल्हारनं विचारलं. हा तिचा मुलगा. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. पंचक्रोशीतल्या शेळ्या त्याची मोटरसायकल आवाजावरून ओळखून पळत सुटतात. "शेळी असतीस तर आत्ता दवा पाजली असती."

"शेळीच समज आन गुमान बस," सिताबाई म्हणाली.

झालं होतं ते असं. गावाच्या कडेला सेंट मोनिका विद्यालय आहे. त्याच्या मोठ्या बाई सिस्टर मर्सेलीन. मूळच्या केरळच्या, वय बहात्तर, गुडघे त्याहून म्हातारे. आता त्यांना विश्रांतीसाठी कायमचं केरळला परत बोलावलं होतं. रविवारी निरोपाचा कार्यक्रम, आणि त्याच दिवशी सोलापूरहून गाडी. जायच्या आधी त्या गावात घरोघरी जाऊन जेवत होत्या. मंगळवारी सिताबाईची पाळी होती. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि असा ठेचा, की ज्याच्या वासानं शेजारचा कोंबडा अवेळी आरवला. सिस्टरनी दोन भाकरी खाल्ल्या, पाणी प्याल्या आणि येळंबवाडीच्या बोलीत, येळंबवाडीकरांपेक्षा झोकात म्हणाल्या,

"सिताबाई, मला तीन बार बदलीचा कागद आला, ठावं हाय का? तिन्ही बारी म्या न्हाय म्हणून कळवलं. माझी अम्मा गेली तवा दहावीची परीक्षा चालू व्हती. तवाबी गेले न्हाय."

"का वं सिस्टर?"

"का म्हंजी? पहिल्याच दिवशी चाळीस आया लेकरं घिऊन दारात हुब्या राहिल्या. तसल्या उन्हात! घरं पडलेली, माणसं गेलेली, आन ह्या बाया पोरांना शाळेत घाला म्हणून आल्या. असल्या आया सोडून कुठं जावं माणसानं?"

असं म्हणून सिस्टरनी सिताबाईचा हात दाबला आणि निघून गेल्या. सिताबाई मात्र चुलीपुढं तशीच बसून राहिली. तव्यावरची भाकरी जळून काळी ठिक्कर पडली तरी तिला वास आला नाही.

कारण त्या चाळीस आया शाळेत आल्याच नव्हत्या. त्या इंजेक्शनला आल्या होत्या.

आता ही तीस वर्षांपूर्वीची गोष्ट नीट सांगायला हवी. भूकंपाला तेव्हा आठ महिने झाले होते. जुनं गाव ढिगारा होऊन पडलं होतं, नवं गाव अजून नकाशात होतं, आणि माणसं मधल्या माळावर पत्र्याच्या शेडमध्ये. त्या आठ महिन्यांत शेडवर इतके डॉक्टर येऊन गेले की गावातल्या कुत्र्यांनासुद्धा धनुर्वाताची सुई टोचून झाली होती. पांढरे कपडे घातलेली बाई दिसली की लेकरं आपणहून दंड पुढं करायची. सिस्टर म्हणजे नर्स. या शब्दाला दुसरा काही अर्थ असतो हे ब्रह्मदेवानं येऊन सांगितलं असतं तरी येळंबवाडीला पटलं नसतं.

अशात मे महिन्याच्या शेवटी सरपंचाकडं चिठ्ठी आली. पुण्याच्या एका शाळेतल्या सिस्टर मर्सेलीन उन्हाळ्याच्या सुट्टीचे पंधरा दिवस शेडमधल्या लेकरांसाठी घालवायला येत आहेत, तरी लहान मुलांना घेऊन यावे. सरपंचानं चिठ्ठी कोतवालाकडं दिली. कोतवाल उत्तरेश्वर. आवाज असा की इकडं दवंडी दिली तर सास्तूरची माणसं दार उघडायची. अक्षरओळख मात्र त्या मानानं कमी. 'मर्सेलीन' हा शब्द त्यानं तीनदा उजवीकडून आणि दोनदा डावीकडून वाचून पाहिला. असला शब्द त्यानं एकच ऐकला होता, आणि तो दवाखान्यात. त्यानं हलगी बडवली आणि बोंब ठोकली,

"ऐका होऽऽ! उद्या सकाळी सिस्टर येणार हाय, पेनिसिलीन घिऊन! बारक्या लेकरास्नी घिऊन याऽऽ!"

सकाळी माळावरच्या लिंबाखाली रांग लागली. ऊन असं होतं की सरडे एका पायावर उभे राहून पाय बदलत होते. रांगेत सगळ्यात पुढं सिताबाई होती, कडेवर पाच वर्षांचा मल्हार. तिच्या मागं तुळजाबाई, आण्णासाहेबांची बायको. घरची साठ एकर जमीन, पण भूकंपानं सगळ्यांना एकाच मापाच्या पत्र्याखाली आणलं होतं, म्हणून तीही रांगेत, आपल्या रणधीरला घेऊन. टेबलाशी पांढऱ्या कपड्यातली चाळिशीची बाई, पुढ्यात लांबलचक वही. बायकांनी ओळखलं, हा केसपेपर.

सिस्टर पुण्यात इंग्रजी शाळेत शिकवायच्या. मराठी तेव्हा तीन शब्दांपुरती होती: 'नाव काय', 'छान' आणि 'बसा'.

"नाव काय?"

"मल्हार."

"छान!"

"रातभर खोकतंय वं बाई."

"छान, छान!"

"अंगबी तव्यासारखं तापलंय."

"बसा!"

"ही पक्की दिसती गं," तुळजाबाई सिताबाईच्या कानात म्हणाली. "म्या रणधीरचे आठ दिवसाचे जुलाब सांगितले तर हासली. मुरल्याली नर्स हाय."

मग सिस्टर सगळ्या लेकरांना शेडमध्ये घेऊन गेल्या. बायका बाहेर कान टवकारून बसल्या, कुणाचं पोरगं आधी रडतंय ते ऐकायला. रडं काही येईना. आतून टाळ्या ऐकू यायला लागल्या, मग गाणं.

"आता गाणं म्हणतच टोचत्यात जनू," तुळजाबाई म्हणाली. "सरकारनं नवी पद्धत काढली आसंल."

दुपारी लेकरं बाहेर आली ती नाकाला खडू लावून. बायकांनी आपापलं पोर पकडलं. दंड बघितले, मांड्या बघितल्या, चड्ड्या खाली ओढून बघितल्या. टोचल्याची खूण कुठंच नाही.

"इंजेक्शन कुठं दिलं रं?" सिताबाईनं मल्हारला विचारलं.

"पाटीवर," मल्हार म्हणाला.

झालं. एकेचाळीस लेकरांचे सदरे वर झाले आणि एकेचाळीस पाठी तपासून झाल्या. घामोळ्यांशिवाय काही सापडलं नाही.

संध्याकाळी उत्तरेश्वर ओशाळं तोंड करून शेडोशेडी फिरला. "शाळा हाय ती, आक्का. नर्स न्हाय, मास्तरीण हाय. पेनिसिलीन तिचं नाव हाय."

बायकांनी त्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजेक्शन नाही हे पक्कं ठाऊक असताना, एकेचाळीसच्या एकेचाळीस पोरांना घेऊन त्याच बायका त्याच लिंबाखाली पुन्हा हजर झाल्या. तिसऱ्या दिवशीही. का, ते कुणी कुणाला विचारलं नाही.

सिस्टरनी आपल्या वरच्यांना पत्र लिहिलं, की या गावाला शाळेची तहान आहे, मला राहू द्या. पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचं वर्ष झालं, पत्र्याच्या जागी दगडी खोल्या आल्या, पहिली होती तिथं दहावी आली. आज सातशे पोरं आहेत. सकाळी ती एकदम 'गुड मॉर्निंग सिस्टर' म्हणतात तेव्हा तो सूर इतका लांबतो की पहिल्या रांगेचं संपेपर्यंत शेवटच्या रांगेला भूक लागलेली असते. सुरुवातीला काही लोक म्हणाले, ही बाई पोरांना बाटवायला आली आहे. बाटवलं खरं. एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत बाटवलं, त्याच्या आधी एकालाही घरी सोडलं नाही.

आणि नाताळ! पहिल्या नाताळात सिस्टरनी नाटक बसवलं. बाळ येशू गोठ्यात जन्मला आणि देवदूतानं पहिली खबर कुणाला दिली? रानातल्या मेंढपाळांना. हे ऐकल्यावर सिताबाईनं दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि सगळ्या रांगेकडं असं बघितलं, जणू तिच्याच चुलत्याला चिठ्ठी आली होती. "मंग! राजाला न्हाय, सावकाराला न्हाय, खबर आधी धनगराला." मल्हार आपलं घोंगडं घेऊन मेंढपाळ झाला आणि सिताबाईनं नाटकासाठी खऱ्या चार मेंढ्या दिल्या. तुळजाबाईचा रणधीर झाला जोसेफ, कापसाची हातभर दाढी लावून. दुसऱ्याच प्रवेशात एका मेंढीनं ती दाढी चारा समजून खायला घेतली. जोसेफ 'आयंऽऽ' करून पळाला, मेंढी मागं, आणि तीन राजे बैलगाडीतून येऊन पोचले तेव्हा गोठ्यात एकटी मरियम हसून हसून आडवी झालेली. त्या दिवसापासून तुळजाबाई आणि सिताबाई यांच्यात त्या दाढीवरून वाद आहे तो आजतागायत मिटलेला नाही.

पण शाळेच्या पहिल्या वाढदिवसाला पाहुणे आले आणि सिस्टरनी त्यांना चाळीस आयांची गोष्ट सांगितली. शिक्षणाची तहान, भर उन्हातली रांग. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आया एकमेकींकडं बघत राहिल्या आणि मग खाली बघत राहिल्या. त्या दिवशी कुणी बोललं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. कुणी बोललं नाही. पुढं दर वर्षी ती गोष्ट, दर वर्षी त्या आयांना पुढच्या खुर्च्या, आणि सिताबाईच्या खांद्यावर शाल, कारण वहीत पहिलं नाव मल्हारचं होतं.

मंगळवारपर्यंत सिताबाईला वाटायचं, शालीपुरतीच लबाडी आहे, कुणाचं काय जातं. आता कळलं काय गेलं ते. एका बाईनं आपल्या आईचं शेवटचं तोंडसुद्धा बघितलं नव्हतं, ते त्या रांगेच्या भरवशावर.

रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर मांडव घातला होता. सोलापूरहून फादर, पुण्याहून त्यांच्या मोठ्या सिस्टर, तालुक्याचे साहेब, सगळे आले होते. मल्हारनं आईला बोलायला चार ओळी पाठ करून दिल्या होत्या. 'अज्ञानाचा अंधकार', 'ज्ञानाची गंगा' वगैरे. मोटरसायकलवरून येताना सिताबाई त्याच म्हणत होती, पण खड्डा आला की गंगा आधी यायची आणि अंधकार नंतर.

मांडवाच्या दारात तुळजाबाई भेटली. जरीचं लुगडं, गळ्यात सगळं घरदार. सिताबाईनं तिला बाजूला ओढलं.

"आक्का, म्या आज सांगणार हाय. पेनिसिलीनचं."

तुळजाबाईनं आधी इकडंतिकडं पाहिलं. "सिते, तुला मेंढीनं चावलं का काय? तीस वर्सं शाली पांघरल्यास, तवा न्हाय आठवलं?"

"तवा ठावं नव्हतं, ती कशापायी राहिली ते. आईच्या मातीला गेली न्हाय वं ती. आमच्या रांगेपायी."

तुळजाबाई बोलली तेव्हा आवाजातला तोरा गेला होता. "मंग तर अजिबात बोलू नगंस. बहात्तर वर्सांची बाई, आज जायला निघाली. पायाखालची भुई सरकली की काय हुतं ते तुला कुणी सांगाया पायजे का? आन तू तिच्या पायाखालची सरकवतीस?"

मंडपात जाऊन सिताबाई आपल्या खुर्चीत बसली. आक्काचं खरं होतं. पण दुसरंही खरं होतं. भूकंपात आधी पडली ती वरून भक्कम दिसणारी घरं. आत नुसता दगडमातीचा भराव. पडेपर्यंत घरात राहणाऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता. राहणाऱ्याला ते ठाऊक असायला नको का? तिनं पदराचं टोक इतकं पिळलं की नवं लुगडं तिथं जुनं झालं.

भाषणं झाली. साहेब बोलले, फादर बोलले. स्मरणिका वाटली, तिच्या पहिल्याच पानावर चाळीस मातांची गोष्ट छापलेली. मग नाव पुकारलं, शाळेच्या पहिल्या माता. टाळ्या. सिताबाई माइकपुढं उभी राहिली. सिस्टर मर्सेलीन मधल्या खुर्चीवर हसऱ्या तोंडानं पुढं झुकून बसल्या.

"अज्ञानाचा अंध... अंध..." सिताबाई थांबली. समोर मल्हार ओठ हलवून 'कार, कार' करत होता. ज्याची कार दाराशी उभी होती तो ड्रायव्हर उठून उभा राहिला.

"ऱ्हाऊ दे ते," सिताबाई म्हणाली. "सिस्टर, आमी तुमास्नी फसवलंय."

माइकनं एक किंचाळी फोडली आणि मांडव चिडीचूप झाला.

"पहिल्या दिवशी आमी शाळेत नव्हतो आलो. इंजेक्शनला आलो व्हतो. उत्तरेश्वरनं दवंडी दिली, सिस्टर येणार, पेनिसिलीन घिऊन. आमी तुमास्नी नर्स समजलो. तुमी नाव लिव्हलं, आमी म्हणलो केसपेपर. माझं पोरगं खोकत व्हतं म्हणून आणलं, तुमी छान म्हणला. तहान-बिहान कुणाला नव्हती. तुमी वरसाला सांगत गेला आन आमी वरसाला ऐकत गेलो. आईला सोडून तुमी हितं राहिला ते आमच्या लबाडीवर. आता जाताना तरी खरं घिऊन जावा. मला शाल नगं."

आधी एक पोरगं फिसकन हसलं. मग सातशे पोरं हसली, मग त्यांचे आईबाप. पेनिसिलीन, पेनिसिलीन असा मांडवभर कल्ला झाला. पुण्याच्या मोठ्या सिस्टरनी स्मरणिका हळूच उलटी ठेवली. मल्हारनं तोंड हातात घेतलं. तुळजाबाई डोळे मिटून तुळजापूरच्या देवीला काहीतरी बोलली. सिताबाईला यातलं काही दिसत नव्हतं. ती एकच तोंड बघत होती, आणि त्या तोंडावरचं हसू गेलं होतं.

सिस्टर मर्सेलीन उठल्या. काठी न घेता उठल्या. मांडव आपोआप गप्प झाला.

"पहिल्या दिवशी इंजेक्शनला आला," त्या म्हणाल्या. "बरं. सांजच्याला कळलं असंल की नर्स न्हाय म्हणून?"

"व्हय. उत्तरेश्वरनंच सांगितलं."

"मंग दुसऱ्या दिवशी कशाला आला?"

सिताबाईनं मागं वळून आपल्या सोबतिणींकडं पाहिलं. सतरा-अठरा जणी उरल्या होत्या. कुणी मान वर करेना. तीस वर्षांत हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं, ते आता माइकवर विचारलं गेलं होतं.

"झोपाया," सिताबाई म्हणाली.

"काय?"

"झोपाया येत व्हतो, सिस्टर. आठ महिनं कुणाचा डोळा लागला नव्हता. पहाटंचं सगळं पडलं व्हतं ना, झोपल्या जागी. तवापासून रात झाली की पोराच्या नाकापुढं हात धरून बसायचं. वारं आलं आन पत्रा वाजला की पोर उचलून भाईर पळायचं. दिवसाबी कडंवरनं खाली ठिवायचं न्हाय. माझा हा हात असा वाकडाच झाला व्हता." तिनं डावा हात कमरेशी वाकवून दाखवला. "त्या दिवशी तुमी पोरं आत घिऊन गेला. आतनं गाणं यायला लागलं. गाणं चालू हाय म्हंजी पोरं जित्ती हायती. इतकं कळलं आन आमी लिंबाला टेकलो. कवा लवंडलो ते ठावं न्हाय. चाळीस बाया, सिस्टर! आमचं घोरणं ऐकून शेडमधली गडीमाणसं पळत सुटली, पुन्यांदा भूकंप आला म्हणून."

कुणीतरी हसलं, आणि मध्येच थांबलं.

"दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी आलो. तिसऱ्याबी. तुमी पोरं सांभाळायच्या आन आमी झोपायचो. शिक्षण का काय ते मागनं कळलं. आधी झोप मिळाली. इंजेक्शन दिलं असतं तर एक दिवस आलो असतो, सिस्टर."

पुढच्या रांगेतून तुळजाबाई उठली. जरीचं लुगडं, सगळं घरदार गळ्यात, आणि आवाज कापरा. "खरं हाय ते. म्या सगळ्यात मोठ्यांदा घोरत व्हते. सितीनं नाव घेतलं न्हाय एवढंच."

सिस्टर व्यासपीठाच्या पायऱ्या उतरल्या. मल्हार धरायला धावला, त्याला त्यांनी हातानं बाजूला केलं. सिताबाईपुढं येऊन त्या माइक विसरूनच बोलल्या, पण मांडवात इतकी शांतता होती की मागच्या रांगेतल्या पोरांनाही ऐकू आलं.

"आता माझं ऐका. पहिल्या रातीला म्या तुमच्या त्या पत्र्याखाली झोपले. वारा आला. पत्रा वाजला. म्या रातभर गुडघ्यावर बसून रडले. उजेडात कागद घेतला आन वर लिव्हलं, मला हितं ऱ्हायचं न्हाय, मला भ्या वाटतंय, परत बोलवा. सकाळच्या एसटीनं तो कागद जायचा व्हता. कंडक्टरच्या हातात द्यायला म्या शेडच्या भाईर आले, तर तुमी लिंबाखाली. सगळ्या. मला बघून उठला न्हाय, बोलला न्हाय, पोरं माझ्या अंगावर सोडली आन आडव्या झाला."

"आन कागद?" सिताबाईनं विचारलं.

"फाडला. म्या म्हटलं, ज्या बाया माझ्या भरवशावर झोपत्यात, त्यांना मला भ्या वाटतंय म्हणून कसं सांगू? पहिल्या दिवसाचं खरं-खोटं मला तवाबी ठावं नव्हतं. तमाशा बघायलाबी माणसं येत्यात. म्या राहिले ते दुसऱ्या दिवसापायी. पाहुण्यांना दुसऱ्या दिवसाचं सांगितलं असतं तर माझं भ्याबी सांगावं लागलं असतं. म्हणून पहिलाच दिवस सांगत गेले. थोडा फुगवूनबी सांगितला." त्या पुण्याच्या मोठ्या सिस्टरकडं वळल्या. "मदर, लबाडी माझीबी हाय. लिव्हून ठिवा."

मदरनी काय लिहिलं ते माहीत नाही, पण चष्मा मात्र दोनदा पुसला. सिताबाईला काय करावं कळेना. तिनं वाकून सिस्टरच्या पायावर डोकं ठेवायला घेतलं, तर सिस्टरही खाली वाकल्या, आणि त्यांचा गुडघा तिथंच अडकला. मग दोघी वरही होईनात आणि खालीही होईनात. शेवटी मल्हारनं, गाय उठवतात तसं, दोघींना काखेत हात घालून सरळ केलं. फोटोग्राफरनं नेमका तोच फोटो काढला. तो आज शाळेच्या ऑफिसात लावला आहे आणि नव्या पोरांना वाटतं, दोन म्हाताऱ्यांची कुस्ती चालली आहे.

शाल दिली गेलीच. सिताबाईनं ती घेतली आणि उलगडून सिस्टरच्या खांद्यावर टाकली. "मला नगं म्हणलं म्या. पर तुमास्नी गाडीत गार वारं लागंल."

दुपारी एकला गाडी निघाली. मल्हार सोबत गेला, सामान रेल्वेत चढवून द्यायला. सातशे पोरांनी गेटपर्यंत 'थँक यू सिस्टर' असं लांबवलं, की गाडी सास्तूरच्या फाट्याला लागली तरी शेवटचा 'र' मागं धावत होता म्हणतात. आया रस्त्याच्या कडेला बसून राहिल्या. तुळजाबाई म्हणाली, "सिते, तू बोललीस ते बरंच केलंस. पर दाढीचं मेंढीच्या मालकिणीनं अजून कबूल केलं न्हाय."

"ती मेंढी शिकल्याली नव्हती, आक्का."

अडीचच्या सुमाराला मल्हारचा फोन आला.

"आई, नळदुर्गला थांबलोय, ढाब्यावर. सिस्टर तर गाडीत बसल्या बसल्या झोपल्या. लोहारा गेलं, जेवळी गेली, हायवे लागला, बाजूनं ट्रक भोंगं वाजवत्यात, तरी जाग न्हाय. ढाब्यावरचा पोऱ्या विचारतोय, आत इंजन चालू ठिवलंय का म्हणून. चहा सांगितलाय दोघांना. उठवू का?"

"गाडी कितीला सुटती?"

"सातला. सोलापूर हितनं तासाभराचं."

"मंग कशाला उठवतोस?" सिताबाई म्हणाली. "काचा अर्ध्या खाली कर, वारं लागू दे. शाल वर वढ. आन तिचा चहाबी तूच पी. भाईर बस जरा, ऱ्हा तिथंच. जाग आली आन कुणी दिसलं न्हाय तर माणूस घाबरतं."

"किती येळ बसू?"

"आमी रातभर पोरांपाशी बसायचो तवा विचारत व्हतो का कुणाला? बस."